किमतीची तारीख

फीत घेऊन आलेला पोरगा पंचविशीच्या आतला होता, आणि मावशीच्या घरात मोजायला सुरुवात कुठून करावी हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या हातातल्या नकाशात दोन खोल्या, समोर छपरी आणि परसात संडास एवढंच होतं. प्रत्यक्षात त्याच्या भोवती चार खोल्या, फरशीची मोरी, बोअरचा पंप आणि पाण्याच्या दोन टाक्या होत्या. "आजी, मूळची भिंत कोणती?" त्याने विचारलं. मावशी पलंगावरून उठली, स्वयंपाकखोलीच्या दारात गेली आणि जिथे कवेलू संपून टिनं सुरू होतात तिथल्या भिंतीवर तळवा टेकवला. "इथपर्यंत सरकारचं. याच्या मागचं सारं आमचं."

पोराने दोन्हीकडचं माप घेतलं. महिनाभराने पत्र आलं तेव्हा 'मागचं सारं आमचं' याचं सरकारी मराठीत 'वाढीव अनधिकृत बांधकाम' झालं होतं.

पत्र दोन पानांचं. पहिल्या पानावर गाळ्याची आजची किंमत, जमिनीचं अधिमूल्य, थकलेलं भाडं, त्यावरचं दंडव्याज आणि वाढीव बांधकामापोटी नियमितीकरणाचं शुल्क. दुसऱ्या पानावर कामाचं वाक्य एकच: रक्कम मुदतीत भरली नाही तर ही मागणी रद्द समजावी, पुढची आकारणी त्या वेळच्या दराने होईल. मावशीने मला फोन केला तो पहिल्या पानासाठी. "बाबू, एवढ्यात तं नवं घर येते. जरा भाव करून दे त्याईच्यासंगं."

(आमच्याकडे घरातल्या पोरालाही बाबू म्हणतात आणि कचेरीतल्या कारकुनालाही. पुढे दोघंही येणार आहेत, गल्लत होऊ नये.)

गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापडगिरणीचं. हिंगणघाट की पुलगाव, ते सांगत नाही. वसाहत चाळीसेक गाळ्यांची आहे. नाव छापलं की फाइल ओळखू येते आणि फाइल अजून टेबलावर आहे. कचेरी कोणती तेही त्याच कारणाने सांगत नाही.

भाव करणं या मुलखाला शिकवावं लागत नाही. कापसाच्या पेठांमध्ये अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून दर ठरवायचे, आणि बैलगाडीवर बसलेला शेतकरी त्या रुमालाकडे बघत राहायचा. मग 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी आली. सरकार एकच खरेदीदार असे आणि भाव जाहीर केलेला. हमीभाव आता, अंतिम भाव हिशेब झाल्यावर. तेव्हापासून इकडच्या माणसाला एक गोष्ट माहीत आहे. सरकारी भावात घासाघीस होत नाही, पण तो कधी मिळतो आणि कोणत्या हंगामाचा मिळतो यावर घराचं सगळं गणित फिरतं. मावशीच्या पत्राच्या बाबतीत हे माझ्या ध्यानात यायला मला तीन महिने लागले. तोवर मी पहिल्या पानाशीच भांडत बसलो होतो.

मौसाजी मिलमध्ये साचेखात्यात होते. गाळा त्यांना साठच्या दशकात भाड्याने मिळाला. अशी घरं आली कुठून, त्याची कथा लांबची आहे. 1952 साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना काढली. राज्याने किंवा गृहनिर्माण मंडळाने घरं बांधली तर निम्मा खर्च अनुदान, निम्मा कर्ज. गिरणीमालकांना आणि सहकारी संस्थांनाही त्यात वेगळ्या प्रमाणात मदत होती. अनुदानामुळे भाडं मजुराला झेपेल एवढंच ठेवता येई. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि गृहनिर्माण मंडळाचा कायदा 1950 चा, मध्य प्रदेशाचा. 1956 च्या नोव्हेंबरात विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. विदर्भाचं वेगळं गृहनिर्माण मंडळ झालं, आणि डिसेंबर 1977 मध्ये ते इतर मंडळांसोबत म्हाडात विलीन झालं. पंचवीस वर्षांत पाटीवरची नावं इतक्यांदा बदलली. विदर्भातल्या अशा जुन्या वसाहतींपैकी काही मंडळाच्या, काही नगरपालिकांच्या, काही गिरण्यांनी स्वतः बांधलेल्या. भाडेकरूच्या दृष्टीने मात्र सगळ्यांचा मालक एकच: सरकार. मावशी अजूनही तसंच म्हणते.

पुढे केंद्राने राज्यांना ही घरं राहणाऱ्यांनाच विकायला मोकळीक दिली. ऐंशीच्या दशकात वसाहतीत एक परिपत्रक फिरलं: एकरकमी पैसे भरा किंवा भाडे-खरेदीने हप्त्यात घ्या. काहींनी हप्ते सुरू केले. मौसाजींनी केले नाहीत. घरात आजवर त्याची गोष्ट अशी सांगितली जायची की त्यांना किंमत जास्त वाटली आणि त्यांनी परिपत्रक पोथीत ठेवून दिलं. "मिलचा भोंगा आज वाजते, उद्याचं कोन सांगते?" असं ते म्हणाले होते म्हणे. भोंग्याबद्दल त्यांचं खरं ठरलं.

मग मिल बंद पडली. भाडं वसूल करायला सायकलवर येणारा माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. मावशीकडे पावत्या आहेत, तारेत ओवलेल्या, अगदी खालची पिवळी आणि वरची पांढरी. वरची पावती ज्या महिन्याची आहे त्याच्या पुढल्या महिन्यापासून पत्रात थकबाकी लावली आहे. कोणी मागायला आलं नाही म्हणून भरली नाही, आणि भरली नाही म्हणून दंडव्याज. यावर मी कचेरीतल्या बाबूशी बराच वेळ वाद घातला. तो भला माणूस होता. म्हणाला, "साहेब, भाडं आणून देणं भाडेकरूचं काम आहे. नियम तसाच आहे." मी नियम बघितला. तो खरंच तसाच होता.

आधी घराच्या किमतीत काय काय मिसळलेलं असतं ते सांगतो, कारण मागणीपत्र हातात आलेल्या बहुतेकांना एकच आकडा दिसतो. त्यात बांधकामाचा मूळ खर्च असतो, जमीन असते, त्या दोहोंवर आजवरचं व्याज असतं आणि शेवटी दंड. बांधकामाचा मूळ खर्च चिल्लर असतो. जमिनीची किंमत शेजारच्या चौकात ज्वेलर्सचं दुकान आल्यामुळे वाढलेली असते. त्या दुकानात मावशीचा काही हात नाही, पण ते येईपर्यंत या वस्तीत राहून, रस्ता मागून, नाली मागून, दिवा मागून, जागा राहण्याजोगी करण्यात या चाळीस घरांचा हात नक्की आहे. सरकारी जमीनदरांचा रेडी रेकनर हे काही वेगळं मोजत नाही. तो दरवर्षी 1 एप्रिलला लागू होतो. 2025 मध्ये दोन वर्षांच्या खंडानंतर तो वाढला, मुंबई वगळता राज्यात सरासरी 4.39 टक्के. म्हणजे मार्चअखेरीस चालान भरणारा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरणारा, यांच्या जमिनीचा भाव वेगळा. दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत असले तरी.

वसाहतीची पहिली बैठक समाजमंदिरात झाली. सकाळी तिथे अंगणवाडी भरते, त्यामुळे फळ्यावर फुलपाखरू आणि बदक होतं. निवृत्त गुरुजींनी बदक पुसलं, फुलपाखरू राहू दिलं आणि लिहायला सुरुवात केली. त्यांचं ते गणित मी वहीत उतरवून घेतलं, कारण तीन महिन्यांत मला कोणी समजावलं नव्हतं ते त्यांनी दहा मिनिटांत समजावलं.

समजा, ते म्हणाले, 1982 साली गाळ्याची किंमत 10,000 रुपये ठरली होती. ती 40 वर्षांनी भरायची. व्याज 12 टक्के धरा. सरळ व्याज लावलं तर वर्षाला 1,200, चाळीस वर्षांचे 48,000, एकूण 58,000. त्यांनी आकड्याखाली रेघ मारली. आता तेच चक्रवाढ लावा. ते त्यांनी फळ्यावर केलं नाही, नातवाच्या मोबाइलवर केलं आणि उत्तर लिहिलं: 9,30,510.

मागे बसलेला वायरमन उभा राहिला. "गुरुजी, पॉइंट चुकला असंन."

पॉइंट चुकला नव्हता. मूळ रक्कम तीच, दर तोच, वर्षं तीच. फक्त एक शब्द वेगळा. गुरुजी तिथेच थांबले नाहीत. समजा भाडं महिन्याला 20 रुपये होतं, तर 40 वर्षांत तुम्ही 9,600 रुपये भाडं भरलं. म्हणजे जवळपास मूळ किमतीएवढं. ते या हिशेबात कुठे आहे? कुठेच नाही. भाडं म्हणजे राहण्याचा मोबदला, तो वेगळा, किंमत वेगळी. कायद्याने हे बरोबरच आहे. पण जी माणसं तीन पिढ्या तिथे राहिली, त्यांना भाड्याचा आणि हप्त्याचा फरक पावतीच्या रंगावरून कळत नाही.

त्या बैठकीत लगेच दोन तट पडले. ज्यांची पोरं पुण्यात नोकरीला लागली त्यांचं म्हणणं, भरून टाकू, उगाच पुढे वाढेल. ज्यांची पोरं घरीच आहेत ते म्हणाले, थांबू, निवडणूक आली की माफी येते. एक बाई काहीच बोलली नाही. तिने गाळा पंधरा वर्षांपूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर घेतलेला. मूळ भाडेकरू कुठे आहे ते तिलाच ठाऊक नाही. मुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं, पण स्टॅम्प विकणाऱ्याच्या टपरीवर तो निकाल कोणी चिकटवलेला नसतो. तिच्यासाठी किमतीचा प्रश्न नंतरचा. आधी ती भाडेकरू तरी आहे का, हे ठरायचं होतं. आणि बाहेर मोटरसायकलवर एक एजंट बसला होता, ज्याचं म्हणणं असं की वरच्या टेबलावर त्याचा माणूस आहे, गाळ्यामागे अमुक दिले की वाढीव बांधकामाची ओळच पत्रातून जाईल. किती जणांनी त्याला बयाणा दिला ते मी विचारलं नाही.

घासाघीस हा शब्द आपण जिथे वापरतो तिथे दोन माणसं आणि एक वस्तू असते, आणि दोघांनाही उठून जाता येतं. इथे मावशीला उठून जाता येत नाही आणि बाबूला भाव कमी करण्याचा अधिकार नाही. अधिकार आहे तो मुंबईत. तिथे तो वापरला जातो आणि कसा वापरला जातो हे सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितलं आहे.

मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, खोली 160 चौरस फुटांची. पुनर्विकासात आलेल्या चाळींतल्या भाडेकरूंना 500 चौरस फुटांची घरं मालकीने आणि फुकट मिळणार हे ठरलं. पण काही खोल्या म्हणजे पोलिसांची सेवानिवासस्थानं होती. नोकरी संपली की खोली सोडायची. त्या कुटुंबांनी मालकीचं घर मागितलं. घराचा बांधकाम खर्च एक कोटीच्या वर सांगितला गेला. 2022 साली आधी किंमत 50 लाख जाहीर झाली. कुटुंबं म्हणाली, परवडत नाही. मग 25 लाख. मग सरकार बदललं आणि 15 लाख. एकाच वर्षात, कोणत्याही मूल्यांककाने फीत न लावता, किंमत तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खाली आली. त्यात माझ्या मते चूक काही नाही. हवालदाराने आयुष्यभर जिथे ड्युटी केली तिथे त्याला घर मिळावं. पण ही घासाघीस चाळीत झाली नाही, ती विधानभवनात झाली, आणि तिथेही पात्रतेला एक तारीख लागलीच: 1 जानेवारी 2011 पर्यंत तिथे राहणारे. ही तारीख महाराष्ट्रात फार ठिकाणी दिसते. झोपडपट्टीत 2000 पर्यंतच्यांना घर मोफत, त्यानंतर 2011 पर्यंतच्यांना अडीच लाखात. सरकारी जागेवरची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचं शहरी धोरण 2018 मध्ये आलं, त्यालाही हीच 1 जानेवारी 2011. एक दिवस उशिरा चूल पेटवली असेल तर ती चूल वेगळी.

गिरणी कामगारांच्या घरांचीही अशीच गंमत. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीवरची घरं 2012 च्या सोडतीत साडेसात लाखांना, 2016 मध्ये साडेनऊ लाखांना, आणि 2020 मध्ये बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरचीही साडेनऊलाच. पनवेलजवळ कोनला भाड्याने देण्यासाठी बांधलेली घरं होती, 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक. ती 2016 च्या डिसेंबरात सोडत काढून सहा लाखांना कामगारांना देऊ केली. या किमती बाजारात बसून कोणी काढलेल्या नाहीत. संघटनांनी मोर्चे काढले, सरकारने आकडा काढला. पुलगावच्या किंवा हिंगणघाटच्या गिरणी कामगाराला असा आकडा कोणी काढून दिला नाही. तो 'मुंबईतल्या बंद गिरण्यांचा कामगार' या व्याख्येत बसत नाही.

आता इंग्लंडचं सांगतो. वर्ध्याच्या लेखात इंग्लंड कशाला, असं संपादकांनीही विचारलं होतं. पण मला माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या कायद्यात सापडलं. 1980 मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षं राहिलेल्याला बाजारभावात 33 टक्के सूट, पुढे दर वर्षी एक टक्का, 50 टक्क्यांपर्यंत. सवलतीची ही टक्केवारी सगळ्यांना माहीत असते. मला जे हवं होतं ते कायद्याच्या आतल्या कलमांत होतं. एक, भाडेकरूने स्वतःच्या पैशाने घरात जी सुधारणा केली ती किमतीत धरायची नाही. मावशीच्या मागच्या दोन खोल्या, मोरी, बोअर, सगळं वजा. दोन, किंमत काढायची ती भाडेकरूने अर्ज दिला त्या दिवसाची. कचेरीने पत्र पाठवायला तीन वर्षं लावली तरी दिवस तोच. तीन, किंमत पटली नाही तर सरकारी मूल्यांककाकडे पुन्हा मोजून घेता येते. आणि पुढे एक दुरुस्ती झाली ती तर मला फार आवडली: कचेरी उशीर करत असेल तर भाडेकरूने नोटीस द्यायची, आणि त्यानंतरही उशीर झाला तर त्या काळात भरलेलं भाडं घराच्या किमतीतून वजा होतं.

त्या योजनेचं भलं झालं असं मात्र नाही. विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी घरं नगरपालिकांनी बांधलीच नाहीत. बरीच घरं पुढे खासगी घरमालकांच्या हातात गेली आणि पुन्हा भाड्याने लागली. स्कॉटलंडने 2016 मध्ये हा हक्क बंद केला, वेल्सने 2019 मध्ये. तो वाद वेगळा. मला त्यातली तारखेची शिस्त हवी होती.

इंग्लंडच्या त्या कलमामुळे मी मावशीला विचारलं, मौसाजींनी कधी अर्ज दिला होता का? "त्याईनं कायचा अर्ज द्यावं? परिपत्रक पोथीत ठेवलं ना." मी तरीही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्याच्या नियमाने शब्दही मोजावे लागतात, आणि लेखक माणसाला ती मर्यादा सगळ्यात अवघड. पहिलं उत्तर आलं, अभिलेख उपलब्ध नाही. अपील केलं. मग फाइल पाहायला बोलावलं.

फाइल जाड होती आणि तिला वाळवी लागून गेलेली होती. मधल्या एका कागदावर मी थांबलो. शाळकरी वळणाचं अक्षर, निळी शाई, खाली मौसाजींची सही, त्यांच्या सहीतला तो वर जाऊन परत खाली येणारा 'र'. मजकूर पाच ओळींचा. किंमत जास्त आहे. मिलच्या पगारात एवढा हप्ता निघत नाही. हप्ता कमी करून वर्षं वाढवून द्यावीत. घर घेण्यास मी तयार आहे. आणि वरच्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का: आवक क्रमांक आणि तारीख. ऐंशीच्या दशकातली.

म्हणजे परिपत्रक पोथीत ठेवलंच नव्हतं. त्यांनी भाव केला होता. लेखी केला होता. त्याचं उत्तर फाइलमध्ये कुठे नाही. त्या कागदानंतरचा कागद थेट एका वेगळ्या गाळ्याच्या वारसनोंदीचा आहे. मी त्या पाच ओळींची प्रमाणित प्रत घेतली, पानामागे दोन रुपये भरून, आणि बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला. चहावाल्याला वाटलं कोणी गेलं.

घरी येऊन मी मावशीला प्रत वाचून दाखवली. ती बराच वेळ त्या शिक्क्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मले नाई सांगितलं." तिला घराच्या किमतीपेक्षा ते जास्त लागलं असावं.

दुसऱ्या बैठकीत हा कागद सगळ्यांनी हातात घेऊन बघितला, लग्नपत्रिका बघावी तसा. आणि बघता बघता वसाहतीची मागणी बदलली. आधी सगळे म्हणत होते किंमत कमी करा. आता म्हणू लागले, किंमत आमच्या अर्जाच्या दिवसाची लावा. ज्यांचे अर्ज होते त्यांनी ते शोधायला घेतले. कोणाच्या ट्रंकेत पोचपावती निघाली, कोणाच्या घरी पोस्टाचं रजिस्टर्डचं चिठोरं. ज्यांचे नव्हते त्यांनी परिपत्रकाची तारीख धरा म्हटलं. निवेदनात चार गोष्टी आल्या: तारीख, सरळ व्याज, वाढीव बांधकामाची किंमत वजा, आणि भाडं घ्यायला माणूस नसलेल्या काळाचं दंडव्याज माफ. किंमत हा शब्द निवेदनात फक्त विषयाच्या ओळीत होता. हे गुरुजींनी मुद्दाम केलं. ते म्हणाले, किंमत कमी करा म्हटलं की ते वर विचारतात. तारीख बदला म्हटलं की त्यांना आधी फाइल बघावी लागते.

वायरमनने एक पाचवा मुद्दा घालायला लावला, आणि तो मला तेव्हा विषयांतर वाटला होता. विदर्भातल्या शहरांत जमिनीचा एक प्रकार आहे नझूल. सरकारी जमीन, लिलावाने किंवा अधिमूल्य घेऊन तीस-तीस वर्षांच्या पट्ट्यावर दिलेली. नागपूर आणि अमरावती विभागातल्या असल्या निवासी भूखंडांसाठी सरकारने 2024-25 ची विशेष अभय योजना काढली आणि मालकी हक्कासाठीचं अधिमूल्य बाजारमूल्याच्या पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणलं. वायरमन वर्ध्याच्या बंगल्यांची कामं करतो, त्याला ते तिथे कळलं. त्याचा सवाल साधा: "बंगल्याले दोन टक्के, आन् आमच्या गाळ्याले सारा भाव, हे कसं जी?" कायद्याचं उत्तर असं की दोन्ही जमिनींचा प्रकार वेगळा, धारणाधिकार वेगळा. वायरमनला ते मी सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मुद्दा निवेदनात राहू दिला. माझ्या मते तो राहिला ते बरंच झालं. शेजाऱ्याला काय भावाने मिळालं हे विचारणं ही तर घासाघिशीची पहिली पायरी.

गुरुजींनी त्यावर जुनं एक काढलं. सेवाग्राम, म्हणजे पूर्वीचं शेगाव, गांधीजी 1936 मध्ये तिथे गेले तेव्हा मालगुजारीचं गाव होतं, मालगुजार जमनालाल बजाज. मध्य प्रांतातल्या अशा गावांत गावठाणाची जागा मालगुजाराची असे. मग 1950 चा कायदा आला आणि 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. गावठाणातलं घर ज्याचं होतं त्याच्याकडेच राहिलं, जमीन सरकारने त्याच्याच नावे मांडून दिली. "कोणी रेडी रेकनर काढला होता तेव्हा?" गुरुजी म्हणाले. टाळ्या पडल्या. गुरुजींना टाळ्या आवडतात.

निवेदन महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात दिलं. आवक शिक्का मारून घेतला, प्रत्येकाच्या प्रतीवर स्वतंत्र. बाबू कंटाळला, पण त्याने सगळ्यांवर मारला. अजून निकाल नाही. एवढंच झालं की मागणीपत्राची मुदत संपली तरी मागणी रद्द झाल्याचं कळवलेलं नाही, आणि वाढीव बांधकामापुरती फेरमोजणी करायचं कचेरीने मान्य केलं आहे. मूळ भिंत आणि मागचं बांधकाम वेगळं दाखवायचं, कोणी कधी बांधलं त्याच्या पुराव्यासह. मावशीकडे पुरावा म्हणजे मागच्या खोलीच्या चौकटीवर खिळ्याने कोरलेलं साल. चौकटीला तेलरंग मारताना ते बुजलं होतं. धाकट्या मुलाने सँडपेपरने घासून ते उघडं केलं.

फेरमोजणी दिवाळीनंतरच्या आठवड्यात ठरली आहे. परवा मी फराळाचं सामान घेऊन गेलो तेव्हा मावशी अंगणात चुन्याची बादली कालवून बसली होती आणि तिच्यासमोर एक भिंत अर्धी पांढरी होती. घराच्या मागची. पुढची तशीच, पावसाने काळी पडलेली. मी म्हटलं, मावशी, दिवाळी आहे, समोरून तरी मार. तिने ब्रश बादलीत ठेवला.

"समोरून मोजनी झाल्यावर मारीन बाबू. घर उजळ दिसलं तं भाव वाढवतीन."